लिनोची हजेरी

१

पासो तिंबो गावाला आपल्या हुतात्म्यांची आठवण वर्षातून एकदाच येते, पण ती आली की नगरपालिका काही कसूर ठेवत नाही. मार्चचा शेवटचा आठवडा लागला की शाळेच्या भिंतींना चुना मारतात, पटांगणातलं गवत कापतात आणि पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांना निळ्या-पांढऱ्या फिती बांधतात. दोन एप्रिलला सकाळी दहा वाजता ब्याऐंशी साली माल्विनास बेटांवर इंग्रजांशी झालेल्या लढाईत पडलेल्या गावच्या पाच पोरांची नावं वाचली जातात. नाव आलं की त्या घरातलं माणूस उभं राहतं आणि मेलेल्याच्या वतीनं म्हणतं, "हजर!" मग टाळ्या, मग राष्ट्रगीत, मग गरम चॉकलेट आणि चिपा, म्हणजे चीजचे छोटे पाव. त्यानंतर पुढच्या मार्चपर्यंत त्या पाच घरांत कोण जगलं, कोण मेलं, याची कुणी चौकशी करत नाही.

देल्मिरा बारियेंतोसचं घर शाळेला लागूनच होतं, मधे एक पुरुषभर उंचीची विटांची भिंत. शाळेला नाव होतं तिच्या धाकट्या भावाचं, शिपाई इसाबेलिनो बारियेंतोस. जिवंत असताना याच शाळेनं त्याला दोनदा नापास केलं होतं. घरात त्याला लिनो म्हणत. गेला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, आणि आता देल्मिराच त्रेसष्टची झाली होती.

इतकी वर्षं "हजर" म्हणायला आई, निकासिया, उभी राहायची. गेल्या नोव्हेंबरात निकासियाचं उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. यंदा उभं राहायची पाळी देल्मिराची होती.

मंगळवारी दुपारी ती आईच्या काळ्या झग्याला इस्त्री करत होती, तेव्हा सुनिल्दा आली. सुनिल्दा नगरपालिकेत सांस्कृतिक कार्यक्रम बघायची. बाई मनानं चांगली, थोरल्या बायकांना मानानं 'दोन्या' म्हणायची, फक्त तोंडाला कुलूप नाही.

"दोन्या देल्मिरा, आहात का? चिपा आणलेत, गरम आहेत, हात भाजला माझा!"

"ये. तू आणि गरम चिपा, दोघंही सांगून येत नाहीत."

"बोला, बोला." सुनिल्दानं पिशवी टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढली. "काल तालमीला तुम्ही साथ दिलीत, बरं झालं हो. मला वाटलं होतं, तुम्ही नाक मुरडाल. पण आवाज किती बसलाय तुमचा! सर्दी झालीय का? लिंबू-मध घ्या."

देल्मिराचा हात थांबला. "कसली तालीम?"

"अहो, कालचीच. दुपारी लाउडस्पीकर तपासत होते मी. इसाबेलिनोचं नाव आलं आणि तुम्ही भिंतीपलीकडून म्हणालात, हजर! दचकलेच मी. पण आईची सर नाही हं यायची तुम्हाला. दोन्या निकासिया एकट्याच म्हणायच्या, पण दोघांनी म्हटल्यासारखं घुमायचं. अंगावर काटा यायचा माझ्या."

काल दुपारी देल्मिरा आईची औषधं आणायला दवाखान्यात गेली होती. रांगेत दोन तास उभी होती. ते सांगायला तिनं तोंड उघडलं, पण मधेच तिला दुसरंच काही खटकलं.

"नाव आलं म्हणजे? यंदा नावं कोण वाचतंय?"

"तेच तर सांगायला आले! प्रमुख पाहुणे येताहेत, कर्नल सोसाया, निवृत्त. तुमच्या भावाच्या तुकडीवर होते म्हणे तेव्हा, लेफ्टनंट म्हणून. स्वतः होऊन म्हणाले, माझ्या पोरांची नावं मीच वाचणार. तालमीसाठी फोनवर आवाज भरून पाठवलाय. काय आवाज आहे हो, या वयात! खणखणीत." मग तिनं नाक वर केलं. "करपतंय का काही?"

आईच्या काळ्या झग्यावर इस्त्रीचा त्रिकोण उमटला होता.

२

सोसाया हे नाव त्या घरात एकदाच उच्चारलं गेलं होतं, चौऱ्याऐंशी साली, स्वयंपाकघरात. फेर्मीन नावाचा एक पोरगा दोन दिवसांचा प्रवास करून आला होता. लिनोच्या तुकडीतला. निकासियानं माते नावाच्या कडू चहाचा तुंबा त्याच्या हातात दिला, पण त्यानं नळीला ओठ लावले नाहीत. नुसता धरून बसला.

"लिनोनं मांसाचा डबा चोरला, दोन्या. एक डबा. भूक आम्हा सगळ्यांनाच होती, हिंमत फक्त त्याची झाली."

लेफ्टनंट सोसायानं तंबूच्या चार खुंट्या ठोकायला सांगितल्या. ओल्या जमिनीवर लिनोला उताणं पाडलं, हातपाय ताणून चारी खुंट्यांना बांधलं आणि वर उघडं आभाळ. पाऊस आणि बर्फ एकत्रच पडत होतं. लेफ्टनंट आत तंबूत. दर अर्ध्या तासानं तो आतूनच हाक मारायचा, "बारियेंतोस!" बाहेरून लिनो म्हणायचा, "हजर!"

"आणि मग?" निकासियानं विचारलं.

"मग ते म्हणायचे, अजून बोलतोय. राहू दे."

उजाडायच्या सुमारास हाक मारल्यावर उत्तर आलं नाही, तेव्हा कुठे दोर कापले. सरकारी पत्रात लिहिलं होतं की शिपाई बारियेंतोस शत्रूच्या तोफमाऱ्यात धारातीर्थी पडला.

निकासिया रडली नाही. फेर्मीनच्या हातातला गार झालेला तुंबा तिनं काढून घेतला आणि पुन्हा गरम पाणी ओतलं. दोन वर्षांनी नगरपालिकेनं पहिला समारंभ केला, तेव्हा देल्मिरा म्हणाली की त्यांच्या टाळ्या त्यांनाच लखलाभ होवोत, आपण पायसुद्धा ठेवायचा नाही. आईनं ऐकलं नाही.

"त्यांनी नाव घ्यायचं आणि त्यानं बोलायचं, एवढं पुरे झालं," ती म्हणाली. "आता मी बोलेन. घसा बसला असेल त्याचा."

देल्मिराला ते आईचं वेड वाटलं. आईच्या दुःखाला वेडाचा हक्क असतो, म्हणून ती दरवर्षी शेजारी बसायची आणि आतल्या आत जळायची. ज्यांनी मारलं त्यांच्याच लाउडस्पीकरवर आपण हजर म्हणायचं, आणि वर चॉकलेट प्यायचं!

आता मात्र सोसाया स्वतः येत होता, आणि उत्तर द्यायचं होतं देल्मिरानं. त्या रात्री तिनं ठरवून टाकलं. तोंड उघडायचं नाही. तो नाव घेईल आणि उत्तर येणार नाही. त्या पहाटे जी शांतता त्यानं तंबूत बसून ऐकली, ती पुन्हा एकदा सगळ्या गावासमोर, भर उजेडात ऐकेल. त्याचं तोंड कसं होतं ते तिला बघायचं होतं. आयुष्याकडून तिचं एवढंच मागणं उरलं होतं.

सकाळी आईला लापशी भरवताना तिनं ते सांगितलं. निकासियाच्या डाव्या हातानं तिचं मनगट पकडलं. अर्धं तोंड वाकडं झालं.

"ह… ह…"

"नको म्हणतेस ना? माहीत होतं मला. यंदा तुझं चालायचं नाही, आई."

हात सुटेना. शेवटी तिनं आईचं एकेक बोट उचलून सोडवलं.

३

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास सगळं गाव झोपलं होतं. आईच्या खोलीची खिडकी भिंतीकडे उघडी होती आणि देल्मिरा तिचे पाय चोळत बसली होती. पलीकडे लाउडस्पीकर खरखरला आणि मग तो आवाज आला.

तिला वाटलं होतं, तो आवाज दुष्ट असेल. तसा तो नव्हता. एखाद्या नीटनेटक्या म्हाताऱ्याचा होता, प्रत्येक अक्षर स्वच्छ. "आल्मिरोन, रोसेन्दो!" मग उत्तरासाठी सोडलेली जागा. "बारियेंतोस, इसाबेलिनो!"

त्या रिकाम्या जागेत कुणीतरी म्हणालं, "हजर."

बसका आवाज. खालून आलेला. उभ्या माणसाचा आवाज डोक्याच्या उंचीवरून येतो, हा जमिनीलगत होता. त्याच्या मागोमाग दोर ताणल्यावर येतो तसा एक कर्र आवाज आला. मग पुढचं नाव.

देल्मिराचे हात आईच्या घोट्यावर तसेच राहिले. प्रतिध्वनी असेल, ती मनात म्हणाली. पटांगण रिकामं आहे, समोर चुन्याची भिंत आहे, आवाज उलटतो. पण प्रतिध्वनी नाव परत देईल, उत्तर कसं देईल? मग शाळेचा रखवालदार असेल. त्याला टवाळी करायची सवय आहेच. आणि मन चिंती ते वैरी न चिंती, आठवडाभर डोक्यात दुसरं काही नाही, मग कानाला ऐकू येणारच.

ती उठली, मागच्या अंगणात गेली, भिंतीशी तिवई लावून वर चढली. पटांगणात पाच खुर्च्या होत्या, फिती वाऱ्यावर हलत होत्या. रखवालदाराच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं. सुनिल्दा एकटीच तिच्याकडे पाठ करून यंत्रावर वाकली होती. मान न वळवता तिनं हात उंच केला आणि ओरडली, "छान! पण उद्या-परवा जरा मोठ्यानं म्हणा हो, दोन्या देल्मिरा!"

 तिवईवरून उतरताना देल्मिराचा पाय चुकला आणि पोटरी खरचटली.

खोलीत परत आली तर वास भरला होता. भिजलेल्या लोकरीचा. बाहेर उन्हानं कौलं तडकत होती, आणि त्या घरात लोकरीचं शेवटचं काही होतं ते लिनोबरोबर गेलं होतं. निकासिया छताकडे बघत पडली होती, उशी दोन्ही बाजूंनी ओली झाली होती. ओठ हलत होते. "ह… ह…"

"पुरे कर!" देल्मिरा ओरडली, आणि आईवर ओरडल्याबद्दल लगेच तिची तिलाच लाज वाटली. तिनं खिडकी लावून घेतली. ठरलं ते ठरलं. एका भासासाठी ती हा दिवस सोडणार नव्हती.

४

कर्नल सोसाया तब्येतीनं बारीक, पांढऱ्याशुभ्र केसांचा, हातावर म्हातारपणाचे डाग असलेला माणूस निघाला. कोटावर पदकं होती. तो आधी पहिल्या रांगेकडे आला, एकेका घराला भेटला. निकासियाच्या चाकाच्या खुर्चीपुढे वाकून त्यानं तिच्या गालाला गाल लावला.

"तुमचा मुलगा फार शूर होता, आई."

निकासियानं पापणी हलवली नाही.  आपल्याला कुणी ओळखत नाही, आपल्याबद्दल कुणाला काही ठाऊक नाही, असं त्या माणसाच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं. कदाचित तो खरंच विसरला असेल. देल्मिराला ते सर्वात जास्त झोंबलं.

"आल्मिरोन, रोसेन्दो!"

रोसेन्दोचा थोरला भाऊ काठी टेकत उठला. "हजर!" टाळ्या पडल्या.

"बारियेंतोस, इसाबेलिनो!"

देल्मिरा बसून राहिली. हात मांडीवर, ओठ घट्ट.

दोरी झेंड्याच्या खांबावर टकटक वाजत होती. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. सुनिल्दा भुवया उंचावून खुणा करत होती, 'उठा, उठा.' कर्नलनं कागदावरून मान वर केली. त्याच्या गळ्याशी लाली चढली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच देल्मिराला आतून गार वाटलं. ऐक, ती मनात म्हणाली. ऐक ही शांतता, तुझीच आहे.

तेवढ्यात निकासियाची डावी बोटं तिच्या गुडघ्यात रुतली. "ह… ह…" आणि त्या क्षणी देल्मिराला कळलं की आई 'नको' म्हणत नाहीय, कधीच म्हणत नव्हती. आई 'हजर' म्हणायची घाई करत होती.

कर्नलचं तोंड वेगळंच झालं होतं, झोपेत बोलणाऱ्या माणसाचं असतं तसं. यंदाच्या कागदावर जे नव्हतं ते तो म्हणाला, नुसतं आडनाव, तुटक.

"बारियेंतोस!"

"हजर."

व्यासपीठ आणि पहिली रांग यांच्यामधून आलं ते, जमिनीलगत. देल्मिरानं खाली पाहिलं. कालच कापलेलं, सुकं, पिवळट गवत एका जागी माणसाएवढं दबून काळंओलं झालं होतं. त्या ओलीच्या टोकाला, तिच्या बुटापासून हातभर अंतरावर, चिखलानं भरलेल्या नखांची चार बोटं गवत मुठीत धरत होती. ती पापणी मिटून उघडते तोवर नव्हती. मनगटावर दोराचा वळ होता की गवताची सावली, हे ती आजही शपथेवर सांगणार नाही.

माइकमधून कर्नलचाच कंटाळलेला, सपाट आवाज पाचही लाउडस्पीकरवर पसरला. "अजून बोलतोय. राहू दे."

लोकांना वाटलं, कर्नलला भरून आलं. कुणीतरी हुंदका दिला आणि एकदम टाळ्यांचा कडकडाट झाला. कर्नल कपाळ पुसत इकडेतिकडे बघत होता, टाळ्या कशाबद्दल ते त्याला उमगत नव्हतं.

देल्मिरा उठली, खुर्ची मागे पडली. "गैरहजर!" ती किंचाळली. "मेलाय तो! ऐकताय का? गैरहजर लिहा तिथं, आणि सोडा त्याला!"

हा शब्द दोन एप्रिलला आजवर कुणी उच्चारला नव्हता. रांगेतली शाळेची पोरं खुदकन हसली, कारण न आलेल्या मित्रासाठी वर्गात तीही असंच ओरडतात. मोठी माणसं खाली बघू लागली. कर्नल पायऱ्या उतरून तिच्यापाशी आला. त्याच्या डोळ्यांत खरोखरच काळजी होती. त्यानं कागदावर तिचं आडनाव पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "बाई… बारियेंतोस?"

"हजर," त्याच्या पायाखालून आवाज आला. लगेच. हुकुमाला उशीर नको म्हणून धडपडत.

५

कर्नल दुपारच्या गाडीनं राजधानीला परत गेला. बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला, असं गावानं ठरवलं आणि तिला माफ केलं. माफ करायला गावाचं काय जातं?

सुनिल्दाच्या फोनवरचा तो भरलेला आवाज मात्र गावातच राहिला. शाळेच्या मुख्याध्यापिकेला एक कल्पना सुचली. पावणेआठला झेंडा चढवला की रोज कर्नलची हजेरी लावायची, म्हणजे मुलांना हुतात्म्यांची नावं पाठ होतील. देल्मिरा तिच्याकडे गेली, उंबऱ्यातच उभी राहिली.

"पुसून टाका ते. पाया पडते तुमच्या."

"अहो, हा मान आहे तुमच्या घराचा! बाकीच्या चार घरांनी आनंदानं हो म्हटलंय."

पहिल्या सोमवारी नाव आलं आणि भिंतीपलीकडून बसकं उत्तर आलं. आतल्या खोलीत निकासिया अर्ध्या तोंडानं झटत राहिली, पण तिला वेळेत जमलं नाही. ती तशीच पडून रडली, आवाज न करता.

मंगळवारी देल्मिरा सात चाळीसला भिंतीशी जाऊन उभी राहिली. विटांना तोंड लावलं. इसाबेलिनोतला 'नो' पुरता व्हायच्या आत ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "हजर!" मग कान दिला. पलीकडे काही नव्हतं. पुढचं नाव आलं. तिथंच ओल्या विटांना कपाळ टेकून ती रडली, आणि आईच्या वेडापुढे इतक्या वर्षांनी हरली.

त्यानंतर एक दिवस चुकला नाही. जूनमधल्या थंडीत, तापात, दात काढल्यावर तोंडात बोळा असतानासुद्धा ती पावणेआठला भिंतीशी असायची. जो शब्द आयुष्यभर तोंडातून काढणार नव्हती, तो ती आता रोज म्हणत होती. निदान त्याच्या घशाला तरी आराम, असं ती स्वतःला सांगायची. त्या बाजूनं तिला पुन्हा कधीच काही ऐकू आलं नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सुनिल्दा आली, चिपा घेऊन.

"चिपा खा आधी, मग सांगते! नगरपालिकेनं ठरवलंय, यंदा सत्कार तुमचा. ताम्रपट! वीराची आदर्श बहीण म्हणून. वर्षभर रोज सकाळी, एकही खाडा नाही. अहो, मुख्याध्यापिका गहिवरून बोलत होत्या. गेल्या वर्षीचं सगळं विसरले लोक."

"बरं," देल्मिरा म्हणाली. तिनं आईच्या हनुवटीवरची लाळ पुसली.

"एक विचारू? रागावणार नाही ना?" सुनिल्दानं आवाज खाली आणला. "पोरं हसतात म्हणून हो. रोज दोनदा का म्हणता? एकदा चांगलं मोठ्यानं, आणि त्याच दमात परत एकदा, तसं बसक्या आवाजात?"

देल्मिरानं आईकडे पाहिलं. निकासियानं डोळे मिटून तोंड भिंतीकडे केलं होतं. चाळीस वर्षांत तिलाही कुणी हेच विचारलं होतं का, हे आता तिला विचारायची सोय नव्हती.

तिनं पिशवीतला एक चिपा काढला. गरम होता, हात भाजला, तरी तिनं तो खाली ठेवला नाही.

"आमच्या घरात दोनदाच म्हणतात," ती म्हणाली.